इतिवृत्तात न लिहिलेलं

जळगावहून मॅडम आल्या होत्या, मे महिन्यात,
सावद्याच्या समाजमंदिराचा पत्रा
आमच्या वेफरच्या कढईसारखा तापला होता तेव्हा.
चाळीस प्रश्नांचे कागद वाटले त्यांनी:
आधी बोलता की आधी ऐकता,
वाट आठवता की विचारता,
भांडणानंतर झोप लागते का.
बेरीज करून प्रत्येकीला एकेक स्वभाव दिला,
रेशनसारखा, मोजून.

नसीमा तडवी निघाली मोजणारी.
(हे आम्हाला कागदाशिवाय ठाऊक होतं,
ती वाऱ्याकडूनही सुटे पैसे परत मागेल.)
कोकिळा सपकाळे सांभाळणारी.
वत्सला दूरचं बघणारी,
पुढ्यातला चहा गार, डोळे सातपुड्यावर.
मी, हेमलता फिरके, गटाची सचिव,
झेप घेणारी.
आवडलं मला ते. घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

रुखमाबाईंनी कागदाची घडी केली,
भाकरीच्या फडक्यात ठेवली.
"मले खान्यात नका टाकू, बाई.
मी काय लोनच्याची बरनी हाये?"

महिनाभर आम्ही हाका मारल्या, ए मोजणारे, ए दूरचे.
मग मी एक घाणा करपवला, तेलासकट,
आणि म्हटलं, मी अशीच आहे, कागदावर लिहिलंय.
कोणी हसलं नाही.

त्यानंतर सुरतेचा व्यापारी आला.
तीस क्विंटल, दिवाळीआधी, अर्धे पैसे आगाऊ.
पेन उघडलं होतं मी. टोपण दातांत होतं.
शहाणपण वगैरे काही सुचलं नाही,
फक्त करपल्या तेलाचा वास आला नाकाशी.
म्हटलं, आज मी शेवटी बोलेन.
जीभ दाढेखाली धरून बसणं काय असतं
ते झेप घेणारीलाच विचारा.

नसीमाने तेल धरलं, गॅस धरला, रात्री धरल्या,
तिच्या हिशोबाने दिवाळी
तेरा दिवस उशिरा यायला हवी होती.
वत्सला म्हणाली, यंदाचं सोडा,
पुढच्या पिलबागेला आपल्याकडे यंत्र असेल का ते बोला.
कोकिळा बोललीच नाही बराच वेळ,
मग एवढंच, शोभाचा भाजलेला हात अजून ओला आहे,
आणि रात्रपाळीला पहिली तीच येणार,
कारण गरज तिलाच जास्त.
आणि रुखमाबाई, फडकं झटकत:
"अन् माल परत आला, तं उतरवायचा कोनाच्या दारी?"
चाळीस प्रश्नांत हा नव्हता.

पंधरा क्विंटल घेतले आम्ही.
उरलेले त्याने दुसरीकडून उचलले.
चुकलो का? अजून कळलेलं नाही.
नसीमा आजही ते पंधरा बोटांवर मोजते कधी कधी.
इतिवृत्तात मी लिहिलं, "सर्वानुमते मंजूर."
जिभेवर उमटलेले दात लिहिले नाहीत.

काल दादा आला माहेराहून.
हातात दराब्याचा डबा, डब्याखाली हक्कसोडीचा कागद.
तापीकाठची दोन एकर.
बहिणीने सही करायची असते,
हे तो नाही म्हणाला, डबा म्हणाला.
मी पेन उघडलंच होतं, माझा हात तसाच आहे.
पण ओट्याशी कोणीतरी आकडे पुटपुटत होतं,
उंबऱ्यात कोणीतरी विचारत होतं, दुखणार कोणाला,
आणि मी यादी केली: दादा, वहिनी, आईचा फोटो,
खाली बरीच जागा उरली.
तिथे मग माझं नाव लिहिलं.

गुरुवारी सांगते, म्हटलं.
गुरुवारी तर तुमच्या गटाची बैठक ना, दादा म्हणाला,
आता बायांना विचारून सही करणार का?
नाही रे. त्या आल्याच आहेत.

त्याने मागे वळून पाहिलं. दाराशी कोणी नव्हतं.
दराबा मात्र मी तेव्हाच खाल्ला,
उभ्याउभ्या, मूठभर.