सव्वा हजार

मंगाफमध्ये फरश्यांचे तुकडे कुठून आणणार?
म्हणून ट्यूनाचे डबे घेतले. सात.
सगळ्यात वरच्याला पोचा पडलेला, तो नुसता डुगडुगायचा.
चेंडू म्हणजे अफ्फानचे तीन मोजे
एकात एक, वरून खाकी चिकटपट्टी.
मैदान चौथ्या मजल्याचा पॅसेज,
लिफ्टपासून आगीच्या नळापर्यंत
माझी एकोणीस पावलं,
अफ्फानची सव्वीस.

ओरडायचं नाही, हा पहिला नियम.
४०३मध्ये हनीनचे बाबा दिवसा झोपतात,
रात्रभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये
कुणाकुणाच्या नाकातल्या काड्या तपासून.
म्हणून 'लगोरी!' आम्ही कुजबुजायचो,
मुठी आवळून, मानेच्या शिरा ताणून,
जितका मोठा आनंद तितका बारीक आवाज.

जिबिन उंबऱ्याच्या आतून खेळायचा.
त्याच्या अम्माची तशी अट होती.
चेंडू तिकडे गेला की चौकटीला धरून
एवढा लोंबायचा बाहेर
की पाय तेवढे घरात,
बाकीचा जिबिन पॅसेजमध्ये.

हनीन म्हणाली, हा खेळ आमचा आहे.
माझ्या आजीच्या गावचा. सबा हजार.
अफ्फानला ऐकू आलं, सव्वा हजार.
"एवढे डबे आणायचे कुठून?"
ती हसता हसता खालीच बसली,
तोंडावर दोन्ही हात दाबून.
सबा म्हणजे सात. हजार म्हणजे दगड.
तेव्हापासून आम्ही सव्वा हजारच म्हणतो.

साडेचार ते साडेसहा खाली चालायला परवानगी होती.
चालायला.
पळायचं की नाही, ते कुठे लिहिलं नव्हतं.
इमारतीचा हारिस आलमगीरभाई
हनुवटीवरचा मास्क वर ओढत म्हणाला, "हळू पळा."
मग सायरन.
वर येऊन खिडकीतून बघावं तर
सिग्नल लाल होतोय, हिरवा होतोय,
समोर एक मांजर.

रोज्यांच्या तिसऱ्या आठवड्यात
लगोरी सहाची झाली.
अम्मीने न विचारता एक डबा उघडला,
इफ्तारला कटलेट केले. चांगले झाले होते.
मग पाच.
मग एकदम तीन.
अब्बा दिवसातून चार वेळा गॅलरीत जाऊन
हळू आवाजात कंपनीशी बोलायचे,
आणि आत येऊन आम्हाला विचारायचे, अभ्यास झाला का?
अफ्फान एवढंच म्हणाला,
"तीनची लगोरी फार लवकर लागते. मजा नाही."

ईदला हनीनचं दार उघडलं नाही.
बाबांना रात्री कुठेतरी नेलं होतं,
आतल्या दोघींना चौदा दिवस.
शिरखुर्म्याचा वाडगा दाराशी ठेवला,
बेल वाजवली आणि मागे सरकलो,
पार लिफ्टपर्यंत.

दुसऱ्या दिवशी डबे तिच्या दारासमोर रचले,
बघायच्या भोकाच्या बरोबर समोर.
आतून एकदा टकटक म्हणजे आऊट,
दोनदा म्हणजे खेळा.
तिची उंची पुरायची नाही.
आधी स्टूल ओढल्याचा आवाज यायचा,
मग खेळ सुरू.
पंच म्हणून भारी कडक.
मला तिने एका दुपारी चारदा आऊट दिलं,
त्यातलं एक मी अजून मान्य केलेलं नाही.

एकदा चिडून अफ्फानने भोकावर बोट ठेवलं.
आत काहीच वाजलं नाही.
एकदाही नाही, दोनदाही नाही.
त्याने बोट काढलं
आणि कुर्त्याला पुसलं,
काहीतरी लागल्यासारखं.

जूनमध्ये कधीतरी, तोज सुटला होता,
दुपारचाच काळोख झालेला,
पॅसेजच्या जाळीतून पिवळी धूळ येत होती.
माझ्या हातून चेंडू सुटला
आणि धप्पकन ४०३वर बसला.
दार उघडलं.
बाबा.
पायजमा कमरेशी धरलेला, दाढी वाढलेली,
आणि हातात आमचा वाडगा, धुतलेला.

आम्ही सवयीने पळालो.
जिबिन तेवढा होता तिथेच राहिला,
तो आधीपासून घरातच होता ना.