बारा ग्रॅम

शुक्रवारी म्हापशात आम्ही सातच्या आत पोचतो,
म्हणजे मी, शिपाई दुलो, आणि पालिकेच्या पेटीतली
पितळेची वजनं, मखमलीत झोपलेली.
आम्ही दिसलो की बाजार एकदम भाविक होतो.
मोयऱ्याची केळी विकणारा
पारड्याखालचा चुंबक काढून खिशात टाकतो
आणि आकाशाकडे बघतो.

लुदोविनाबायच्या मिरच्यांपाशी शिंकत बसलो.
तिचं अर्धा किलोचं वजन, शिक्का झिजलेला,
तळाशी शिसं.
आमच्या वजनासमोर ठेवलं
तर तिचंच खाली गेलं.
बारा ग्रॅम जास्त.
दुलोनं फुंकर मारून पूड उडवली. पुन्हा तोललं.
बाराच.

"पडून टवका उडालेला," ती म्हणाली,
"घोवानं गॅरेजात शिसं ओतलं.
उणं पडता नये म्हणाला.
तो गेल्याला अकरा वर्षं."

चूक ती चूकच, जास्तीची असली तरी.
जप्तीच्या पावतीवर रकाना एकच: तफावत.
अधिक की उणे, लिहायला जागा नाही.
अकरा वर्षांचे शुक्रवार गुणिले बारा,
दुलो बोटं मोजायला लागला.
गप्प रे, म्हटलं.

तांदळाच्या पोत्यांवर किंमत बदलून चिकटवणारं दुकान
इथून दिसतं.
तिथली तपासणी पुढच्या महिन्यात, असं वरून कळलंय.

तिनं सही केली, एकेक अक्षर थांबून.
मग उरलेल्या पाव किलोच्या वजनानं
मला मिरच्या तोलल्या,
पैसे मोजून घेतले
आणि वर एक मूठ टाकली,
न तोलता.