मनगटाचं माप

तार्तूच्या कडेला गॅरेजांची रांग, पत्र्याची दारं,
दारांवर आकडे. माझा एकसष्ट.
ऑक्टोबर सरत आलाय. खड्ड्यात उतरताना
आधी गुडघे बोलतात, मग मी.

डोक्यावर आइवेची जुनी स्टेशनवॅगन.
इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलंय;
तेल कोमट, पातळ, निघायला तयार.
बोल्ट तयार नाही.

खालून बघताना दिशा फसवते.
मी तिला सांगतो, घड्याळ चेंबरला चिकटवलंय असं समज
आणि काटे उलटे फिरव.
ती जोर लावते. पाना सटकतो, बोटांची सालं निघतात.
ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

"तो बारा कोनांचा ठेव. सहा कोनांचा सॉकेट आण."
झिजलेल्या डोक्यावर तो हातोडीनं ठोकून बसवला,
दांड्याला जुन्या हीटरच्या नळीचा तुकडा जोडला, हातभर लांब.
"कुणा पैलवानानं आवळलंय हे," मी म्हणालो,
"थेंब गळेल या भीतीनं
आणखी एक पीळ, वर आणखी अर्धा.
अगं, गळती वॉशर थांबवतो.
भीती नुसती आटे खाते."
भाषण चांगलं झालं.
बस डेपोत एकतीस वर्षं मी हेच देत आलो.
आइवे गप्प. तांब्याचा नवा वॉशर
अंगठ्यावर फिरवत उभी.

मग मी सॉकेट धरला, ती नळीला लोंबकळली.
टक्.
सुटलं की तुटलं
हे न कळण्याचा एक क्षण,
आणि माझ्या बाहीतून कोपरापर्यंत काळं, ऊबदार तेल.

फिल्टरसाठी टॉर्च फिरवला तेव्हा दिसली
पांढऱ्या रंगात तारीख, एप्रिलची,
खाली दोन रेघा.
तारखेखाली दोन रेघा या अख्ख्या रांगेत
एकच माणूस मारतो.

खड्ड्यात आधी तीच उतरली होती, टॉर्च घेऊन.

गेल्या हिवाळ्यापासून बोटांची टोकं
कापसात गुंडाळल्यासारखी झालीत. साखर, डॉक्टर म्हणाली.
बोल्ट पुरेसा घट्ट झाला की
मनगटाला उत्तर देतो; हे मीच पोरांना शिकवलं.
एप्रिलमध्ये मी उत्तराची वाट बघत होतो.
येईना, म्हणून फिरवत राहिलो.

आइवेनं नवा बोल्ट आधी नुसत्या बोटांनी बसवला,
मग तो मापाचा पाना काढला,
ज्याला मी दोन वर्षं हसत आलोय.
कट्. तिनं हात काढून घेतला.
"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच."

नवं तेल ओतून झालं. हात पुसून
तिनं रंगाचं पेन माझ्यापुढे धरलं.
"तारीख तुम्ही घाला."

घातली.
खाली दोन रेघा,
दुसरी जरा वाकडी.