थकबाकीदार

नोटीस बोर्डावर माझं नाव तिसरं.
लाल शाईत: वाल्मीक खैरनार, तीनशे चार,
सात महिने, दहा हजार पाचशे.
वर गणपतीच्या वर्गणीचा हिशोब,
खाली कुणाची तरी हरवलेली मांजर.

मी मुद्दामच भरत नव्हतो.
लिफ्टला मी हात लावत नाही, तिसरा मजला म्हणजे काय सप्तशृंगी गड नाही.
जिन्यात चपला ठेवल्या की चिठ्ठी,
कठड्यावर गोधडी वाळत घातली की फोन.
आणि बोरस्ते बाई.
नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाल्या;
तिथं नोटा मोजल्या, इथं आम्हाला मोजतात.
कोणाकडे पाहुणा किती दिवस,
मोटर कोणी चालू ठेवली, टाकी कोणामुळे वाहिली.
"खैरनार, सेकंड शिफ्ट ना तुमची?
मग काल बारा वीसला गाडी कशी नाही दिसली?"
म्हटलं, बाई, तुम्ही सेक्रेटरी की सासू?

त्या रात्री अंबडहून निघालो तेव्हा
थंडीनं बोटं हँडलला चिकटलेली.
खिशात फोन थरथरला, थांबला, परत थरथरला.
गरवारे पॉइंटच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली.

"गेटकडे येऊ नका. पार्किंगमध्ये बिबट्या आहे.
भोयेनं पाहिला, देवऱ्यांच्या पांढऱ्या स्कूटरमागे बसलाय.
पेट्रोल पंपावर थांबा. मी सांगेन तेव्हा या."
आवाज तोच,
मेंटेनन्स मागताना असतो तो.

पंपावर उजेडात उभा राहून मी ग्रुप वाचत होतो,
जो सहा महिने म्यूट करून ठेवला होता.
एकशे एक: दार लावलं.
दोनशे दोन: आजोबा बाथरूममध्ये आहेत, ठीक आहेत.
चारशे तीन: मोठा टॉर्च आहे, मारू का?
बोरस्ते: मारू नका.
पाचशे एक: कुत्र्याला आत घेतलंय. गच्चीचं दार?
इनामदार: लावलं. दोनदा बघितलं.
भोये, पेठकडचा पोरगा,
पत्र्याच्या केबिनचं दार आतून धरून बसलेला;
दर दोन मिनिटांनी कोणीतरी विचारायचं, भोये आहेस ना,
आणि तो अंगठा पाठवायचा.

तीनशे चारचं काहीच नव्हतं.
अश्विनीचा फोन रात्री बंद असतो.
पोरगा खिडकीजवळ झोपतो.
मी टाइप करत होतो, खोडत होतो,
सात महिने न भरलेल्या माणसानं
कोणत्या तोंडानं विचारायचं?
तेवढ्यात चारशे चार:
खालच्या वहिनींना बाल्कनीतून हाक मारली.
खिडकी लावली त्यांनी. बाळ झोपलंय.

चोवीस फ्लॅट. सगळे मोजून झाले
तेव्हा बाईंनी लिहिलं:
एक बाहेर आहे. पंपावर. सुरक्षित.

तो एक मी.

वनखात्याची गाडी पोचायच्या आतच तो भिंतीवरून गेला.
कोणी म्हणतं पांडवलेण्याच्या डोंगराकडे,
कोणी म्हणतं मागच्या उसात.
देवऱ्यांच्या सीटवर चार ओरखडे,
त्याचा खर्च सोसायटीनं द्यावा की नाही
यावर अजून सभा चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी दहा हजार घेऊन गेलो.
बाईंनी अंगठा न ओला करता मोजले, झरझर,
पत्ते पिसावेत तसे.
"पाचशे कमी आहेत."
म्हटलं, ते लिफ्टचे.
"लिफ्ट सगळ्यांची असते, खैरनार."
"मग बोर्डावर ठेवा."
ठेवलं. आकडा खोडून पाचशे केले,
नाव तिसऱ्याचं पहिलं झालं.

आता बारा वीसला गाडी लावली
की दोनशे एकचा दिवा बंद होतो.
आधीही होत असेल.

गोधडी मी कठड्यावरच घालतो.
फोन येतो.
उचलतो.