तारीख रिकामी

नॉर्वेच्या टोकाला, बोत्सफ्योर्डच्या मासळी कारखान्यात
यंदापासून दोन ऐच्छिक सुट्ट्या.
नोटीस लागली हातमोज्यांच्या कपाटावर
पाच भाषांत, त्यातली एक चुकीची.

अर्ज गुन्वोरकडे.
दोन आठवडे आधी, तारीख घालून,
कारण फार तर सहा शब्दांत.

दाइव्हाने लिहिलं, दोन नोव्हेंबर, कबरींवर मेणबत्त्या.
तिची माणसं पुरलीत लिथुआनियात,
इथे ती कुणा अनोळखी खलाशाच्या दगडापाशी लावते
वाऱ्याकडे पाठ करून.
मंजूर.

ओसमानने ईदच्या दोन तारखा लिहिल्या, मध्ये ‘किंवा’.
एकच लिही, गुन्वोर म्हणाली.
चंद्राला विचारून सांगतो, तो म्हणाला.
संगणक ‘किंवा’ घेईना.
तिने दुसरी तारीख पेन्सिलीने टिपली,
स्वतःच्या मनगटाजवळ, टेबलावरच.

योगांबिकेचा अर्ज आला डिसेंबरात,
भर दुपारी दिवे लागलेले असताना.
कारण : पोंगल. तारीख : रिकामी.

चौदा जानेवारी ना? मी शोधून ठेवलीय.
चौदाला तो इथे नसतो, योगांबिका म्हणाली.
सव्वीस वर्षं कॉड सोलून
तिच्या बोलण्यालाही पातळ धार आली होती.
भात शिजवून दाखवू कुणाला?
येईल तेव्हा द्या.

सूर्योदयाच्या तक्त्यात तारीख होती,
पण तक्त्याला समोरचा डोंगर ठाऊक नव्हता.
ढग तर नाहीच.

गुन्वोरच्या स्वतःच्या दोन्ही सुट्ट्या पडून.
तिचे सगळे सण छापील, लाल,
न मागता आलेले.
ऐच्छिक : शब्द तसा दफ्तरी,
पण आत इच्छा आहे,
साफ केलेल्या तुकड्यात राहून गेलेल्या काट्यासारखी.

तेवीस तारखेला, बाराला दहा कमी,
धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं.
कड्याच्या वर तांब्याची एक कड.
पूर्वेला नव्हे, दक्षिणेला;
इथे तो तिकडूनच डोकावतो.

मागच्या दाराशी बर्फात स्टोव्ह,
दुधाचं पातेलं, ऊन येईल तिकडे तोंड करून
योगांबिका, पांढऱ्या एप्रनातच.
दूध वर चढू लागलं तशी
गुन्वोरचा हात सवयीने आचेकडे गेला.
योगांबिकेने मनगट धरलं.
उतू दे.

चर्र झालं, बर्फात एक खड्डा पडला,
करड्या वाफेचा वास दोघींच्या केसांत.
एवढ्यात तो गेलाही.

अर्ज अजून टेबलावर आहे.
दोन आठवडे आधीची अट
गुन्वोरने पातेल्याखाली घेतली होती,
तळ काळा झालाय, शिक्का उमटत नाही.