कट

शिकागोत म्हणे एक दुकान आहे,
अख्खं सँडविच रश्श्यात बुडवून देतात.
कागद भिजतो, कोपरापर्यंत ओघळ येतो,
उभ्यानंच खायचं, पाय जरा मागं घेऊन.
दुकानाचं नाव इंद्रजितला आठवेना,
बाहेरचा बर्फ आठवला.

अकरा वर्षांनी आलेला तो,
गंगावेशीत, हलत्या बाकड्यावर.
रंगरावनं स्लाइस पुढं सरकवले,
"आमच्यात बुडवायचं काम गिऱ्हाइकाचं.
आणि तिकडं कट संपला तर?"
"परत पैसे."

रंगराव काही बोलला नाही.
पळी आणली, न विचारता ओतली,
मग अजून अर्धी.

इंद्रजितचं नाक वाहायला लागलं.
मी माझ्या स्लाइसची कड
तर्रीत दाबत बसलो,
वर बघितलं नाही.
तिखटच होतं तसं.