बैसा

ओमानच्या चिल्लरीला बैसा म्हणतात.
हजार बैशांचा एक रियाल.
नवीन आलो तेव्हा मला वाटलं,
पैसेच अगत्यानं सांगताहेत:
बैसा, दमला असाल.

रुवीत, सोनाराच्या दुकानाला लागून आमचं एक्स्चेंज.
काउंटर नंबर चार, एकोणीस वर्षं.
शुक्रवारी रांग मशिदीबाहेरच्या चपलांपर्यंत जायची.
नोटा घामानं मऊ पडलेल्या,
कुणाच्या सिमेंटच्या वासाच्या, कुणाच्या मासळीच्या,
एक जण तर बुटातून काढून द्यायचा.
पिवळ्या स्पंजवर बोट ओलं करत मी मोजायचो
आणि ऐकायचो.
पैसे पाठवण्याचं कारण
फॉर्मवर एका रकान्यात मावायचं,
तोंडात मात्र मावत नसे:
विहिरीला पंप, मेव्हणीचं बाळंतपण,
भावकीच्या दाव्याची तारीख,
आणि हळूच, काचेला ओठ लावून,
"हे पाचशे दुसऱ्या नावावर. घरी कळता नये."

आता काचेमागे मी, काचेपुढे दोन खुर्च्या.
पगार फोनात येतो, फोनातून जातो.
कारण ॲप विचारतं, सात पर्याय देतं,
सगळे पहिलाच दाबतात: कुटुंबाचा खर्च.
खोटं नाही ते.
आणि माझी तक्रारही नाही. रात्री हिशेब जुळतो.
पूर्वी तीन रियाल कमी भरले की माझ्या पगारातून जायचे.
बुटवाल्याला तर एकदा कॅम्पच्या वाटेवर
अनवाणी सोडलं होतं चोरांनी.
फक्त, मला आता कुणाचं काही कळत नाही.

परवा धोंडू शिगवण आला. फरशीवाला, गुहागरकडचा.
नव्या मशीनला त्याचा अंगठा हवा होता.
तीस वर्षं फरश्यांच्या फटी भरून भरून
अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेलेल्या.
एकदा, दोनदा, पाचदा.
मशीननं धोंडूला अंगठा दाखवला.
"शाळेत गेलो नाय म्हणून अंगठेबहाद्दर म्हणायचे," तो म्हणाला,
"आता ह्यो पण नापास."

मी खण उघडला. तळाशी स्पंज,
पापडासारखा वाळलेला.
बाटलीतलं पाणी ओतलं. फुगायला वेळ लागला.
"टेकवा."
ओला अंगठा काचेवर गेला
आणि हिरवा दिवा लागला.

पूर्वी ड्राफ्ट पोचायला अठरा दिवस लागायचे.
अठरा दिवस धोंडूचा पैसा कुठे ना कुठे असायचा,
विमानात, बँकेच्या टेबलावर, पोस्टमनच्या सायकलीवर,
आणि रात्री कॅम्पातल्या वरच्या बंकवर पडून
धोंडू त्याच्यासोबत
एकेक टप्पा घरी जायचा.
परवा अंगठा पुसायच्या आत फोन वाजला.
बायकोचं उत्तर:
एक पिवळा अंगठा.

त्यानं तो पाहिला. मग स्वतःचा पाहिला.
"झालं?"
झालं.
"येवढंच?"
शिक्का नाही, घडी घालून खिशात ठेवायची पावती नाही,
सुट्टीचा अख्खा दिवस मात्र तसाच पुढ्यात.
तो जाईना.

काउंटरला कुलूप लावून मी बाहेर आलो,
दुसरी खुर्ची ओढली.
"बैसा," म्हटलं.
"त्या विहिरीचं काय झालं शेवटी?"